भिंत नसलेलं फाटक

मी फाटक बोलतोय. अहो, इकडे बघा, जंगलाच्या तोंडाशी, दोन दगडी खांबांच्या मध्ये. नाही, नाही, बाजूनं येऊ नका. इथून या, माझ्यातून. तुम्हाला दिसतंय ते खरं आहे. माझ्या डावीकडे भिंत नाही, उजवीकडेही नाही. कुंपण नाही, तार नाही, झुडपांची साधी रांगसुद्धा नाही. एका बाजूनं हत्ती आणि दुसऱ्या बाजूनं त्याचं सगळं सासर एकाच वेळी आत जाऊ शकेल, एवढी मोकळी जागा आहे. मग मी इथे कशाला उभा आहे, असं तुम्ही विचारणार. नवखे सगळेच विचारतात. जुने विचारत नाहीत, ते रांगेत उभे राहतात.

माझं आता वय झालंय. बिजागऱ्या कुरकुरतात, पावसाळी हवेत उजवं दार अडकतं, आणि म्हाताऱ्या माणसांना लागते तशी मलाही बोलायची सवय लागली आहे. त्यात माझं तोंड पहिल्यापासून मोठं. तेव्हा आलाच आहात तर ऐकून जा.

हे सगळं जंगल, पलीकडच्या तळ्यासकट, एकेकाळी एकाच माणसाचं होतं. त्यांना सगळे मालक म्हणत. मालकांना हौस दांडगी. जंगल विकत घेतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? घर बांधायला घेतलं? विहीर खणली? छे! त्यांनी फाटक करायला टाकलं. "फाटक असं पाहिजे की बघणाऱ्यानं आधी कपडे झटकले पाहिजेत," असं त्यांनी लोहाराला बजावलं. वर दोन सिंह हवेत, हेही सांगितलं.

लोहार हाताचा पक्का होता. घण मारला की लोखंड ऐकायचं. पण त्यानं जन्मात सिंह पाहिला नव्हता. त्यानं घरात विचारलं. बायको म्हणाली, "त्यात काय एवढं? मांजर मोठं करा आणि तोंड तुमच्या थोरल्या भावासारखं काढा." त्यानं तसंच केलं. म्हणून माझे सिंह असे आहेत, दाढदुखीनं रात्रभर जागलेल्या माणसासारखे. मालक बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "असू देत. भीती वाटते, हे मात्र खरं." लोहाराचा थोरला भाऊ पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना घेऊन यायचा आणि माझ्याखाली ताठ मानेनं उभा राहायचा.

बैल गेल्यावर झोपा करणारे पुष्कळ असतात. आमच्या मालकांनी बैल आणायच्या आधीच केला. मी उभा राहिलो तेव्हा ना भिंत होती ना घर. मालक बग्गीतून यायचे, माझ्यासमोर थांबायचे, घंटा वाजवायचे. द्वारपाल धावत येऊन मला उघडायचा. बग्गी आत यायची आणि मालक दहा पावलांवरच्या झाडाखाली खुर्ची टाकून चहा प्यायचे. पाहुणे आले की "या, आत या" म्हणायचे, आणि पाहुणे बिचारे एका गवतातून दुसऱ्या गवतात यायचे. घर ना दार, असं लोक म्हणतात. आमच्याकडे घर नव्हतं, पण दार होतं.

मग यथावकाश भिंत आली, पुरुषभर उंच. बंगला आला. माळी, आचारी, कारभारी, चार शिकारी कुत्री असा सगळा पसारा आला. आणि मला चढली. खोटं कशाला बोलू? मी नाकावर माशी बसू देत नव्हतो. कुणी चालत आलं तर मी उघडायचोच नाही, म्हणजे द्वारपाल उघडायचा नाही, पण मला ते माझंच कर्तृत्व वाटायचं. गावातली माणसं माझ्या गजांमधून आतली झाडं, तळ्याची चकाकी, पाण्यावरची बदकं बघायची, आणि मी त्यांच्या तोंडावर बंद असायचो. ते माझं काम होतं आणि मला ते फार आवडायचं.

एकदा मात्र माझी फजिती झाली. बंगल्यावर धुणं धुवायला एक बाई यायची. तिची चार वर्षांची मुलगी बाहेर बसून आईची वाट बघायची. एक दिवस तिला बदकं नीट दिसेनात, म्हणून तिनं माझ्या गजांमध्ये डोकं घातलं. डोकं आत गेलं. बाहेर मात्र येईना. पोरीनं असा टाहो फोडला की बदकं तळं सोडून बंगल्याच्या व्हरांड्यात गेली.

आई धावत आली, कारभारी आला, शेवटी मालकही आले. आईनं पोरीच्या कानांना साबण लावला आणि म्हणाली, "आत ओढू या, अंग बारीक आहे, निघेल." कारभारी म्हणाला, "आत कसं ओढणार? परवानगी नाही. बाहेरच ओढा." आई म्हणाली, "अहो, कान तुटेल तिचा!" कारभारी म्हणाला, "तसं बघायला गेलं तर डोकं आत्ताच विनापरवाना आत आलेलं आहे." यावर मालक खरोखर विचारात पडले. पोरगी रडता रडता थांबून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी लोहाराला बोलावलं. त्यानं वाद न घालता पहार घातली, माझा एक गज वाकवला आणि डोकं सोडवलं. तो गज आजही वाकडा आहे. सरळ करायचं पुन्हा कुणाला सुचलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल, कारण मोठ्या बंगल्यांचं असंच होतं. मालक गेले. मुलांचं एकमेकांशी पटेना. बंगल्याचं छप्पर आधी गळलं, मग बसलं. कुत्री म्हातारी झाली, बदकं मात्र वाढत राहिली. शेवटी धाकट्या मुलानं सगळं जंगल नगरपालिकेला देऊन टाकलं. जाताना त्यानं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी सिंहांकडे बघितलं, सिंहांनी माझ्याकडे.

जंगल आता लोकांचं झालं, तर भिंत कशाला, असं सभेत ठरलं. मजूर आले. भिंत पडली. तिच्या दगडांच्या पायवाटा झाल्या. मुकादम नगरपालिकेच्या साहेबांना विचारायला गेला, "भिंत झाली साहेब. फाटकाचं काय करू?" साहेब जेवायला बसले होते. त्यांनी विचारलं, "ठराव कशाचा झालाय?" मुकादम म्हणाला, "भिंतीचा." "फाटक म्हणजे भिंत आहे का?" "नाही." "मग मला जेवू दे." अशा रीतीनं माझा जीव वाचला. म्हातारपणी मी पुन्हा तसाच एकटा उभा राहिलो, जसा जन्मल्यावर होतो.

जंगल लोकांना खुलं करायचा दिवस उजाडला. सगळं गाव लोटलं. अध्यक्षबाई आल्या, माझ्या दोन दारांना लाल फीत बांधली, भाषण झालं, टाळ्या झाल्या, फीत कापली. आणि मी उघडेना. मला कुलूप होतं आणि चावी म्हाताऱ्या द्वारपालाच्या घरी होती. तो धावत घरी गेला. त्याच्या बायकोनं सदरा चावीसकट धुवायला टाकला होता. सगळं गाव उन्हात उभं. अध्यक्षबाई उन्हात उभ्या. डावीकडे मोकळं गवत, उजवीकडे मोकळं गवत, आणि एकाही माणसाच्या मनात आलं नाही की दोन पावलं बाजूला व्हावं. इतकी वर्षं त्यांनी मला बंद पाहिलं होतं ना. आता मी उघडणार होतो. ते बघितल्याशिवाय आत जाण्यात काय मजा?

द्वारपाल ओली चावी घेऊन आला. मी उघडलो. लोक माझ्यातून आत शिरले आणि काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही बिजागरीतून थोडं तेल गळालं. त्या दिवसापासून इथे रीत पडली ती पडलीच. जंगलात जायचं तर फाटकातून. सकाळी फाटक उघडतं, तिन्हीसांजेला बंद होतं. बाजूनं जाणं हे उष्ट्या हातानं वाढण्यासारखं. कुणी मनाई केलेली नाही, पण चांगल्या घरची माणसं तसं करत नाहीत.

म्हातारा द्वारपाल थकला तेव्हा त्याच्या जागी जी आली, तिनं पहिल्या दिवशी चावी लावायच्या आधी माझा वाकडा गज शोधला आणि त्याच्यावर टिचकी मारली. "ओळखलंस का?" म्हणाली. ओळखलं नाही तर काय! डोकं मोठं झालं होतं, पण कान तेच होते. ज्या फाटकात अडकली, त्याच फाटकाची चावी तिच्या कमरेला आली. सगळे तिला चावीमावशी म्हणतात. आता तिच्या केसांत पांढरं जास्त आणि काळं कमी आहे.

मावशी सकाळी येते, चहाचा पेला डाव्या खांबावर ठेवते, कुलपाला "कट्ट" करते, उजव्या दाराला गुडघ्यानं उचल देते आणि मला म्हणते, "चल, आ कर." मी कुईंऽऽ करून उघडतो. संध्याकाळी ती शिट्टी वाजवत तळ्यापर्यंत जाते, बाकांवर रेंगाळलेल्या जोडप्यांना "उठा, आया वाट बघतायत" म्हणून उठवते, मला बंद करते आणि कुलूप ओढून बघते. दिवसभर कोण काय म्हणालं, कुणाची सून माहेरी गेली, गुडघा कुठे दुखतो, सगळं मला सांगते. ती नवऱ्यापेक्षा माझ्याशीच जास्त बोलते, असं तिचा नवरा म्हणतो. त्यात त्याची तक्रार नसते.

सकाळच्या रांगेत पहिले असतात मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण रांग सरळ करायची त्यांची खोड गेली नाही. त्यांच्यामागे फिरायला येणाऱ्या बायका, त्यांच्यामागे धावणारे. सगळ्यांत शेवटी एक पिवळं कुत्रं. बाकीची कुत्री वाटेल तिथून जातात, त्यांना काही वळण नाही. हे मात्र माणसांच्या संगतीनं बिघडलं आणि रांगेत बसतं. एकदा कुणी नवा धावणारा गृहस्थ बाजूनं आत गेला. अख्खी रांग त्याच्याकडे बघत राहिली. मास्तर एवढंच म्हणाले, "वाट इकडे आहे." गृहस्थ लाजला, परत बाहेर आला आणि कुत्र्याच्या मागे उभा राहिला.

असं सगळं सुखानं चाललं होतं, तेवढ्यात नवे साहेब आले. बागा आणि जंगल त्यांच्याकडे. वयानं तरुण, स्वभावानं सरळ, वाईट म्हणण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. त्यांचं एकच दुखणं होतं. जगात प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असावं, असं त्यांना वाटायचं. आल्या आल्या त्यांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. आणि हो, बाजूनं.

"मावशी, हे कशासाठी आहे?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"आत जायला."

"आणि हे?" त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

"ते गवत आहे, साहेब."

"तसं नाही. म्हणजे, भिंत नाहीये."

"माहितीये मला. मी रोज येते."

"मग फाटक बंद करून होतं काय?"

मावशीनं जरा विचार केला. "बंद होतं," ती म्हणाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला. फाटक काढायचं, खांब पाडायचे, लोखंड भंगारात द्यायचं. मावशीनं कार्यालयात पंख्याखाली खुर्चीवर बसायचं. ते तिचं भलंच करत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. मावशीनं विचारलं, "तिथे काम काय?" साहेब म्हणाले, "काही नाही. या वयात आराम करा." मावशी म्हणाली, "आराम मला घरीपण करता येतो साहेब. तिथे माणसं तरी ओळखीची आहेत." मग ती माझ्याकडे आली, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि घरी गेली. मला भंगाराची भीती वाटलीच. वितळवून आपले खिळे करतील, की कुणाच्या घराची खिडकी? सिंहांचं काय करतील? पण त्याहून जास्त मला मावशीचं वाटलं. पंख्याखाली बसलेली मावशी डोळ्यांसमोर येईना.

घरीसुद्धा साहेबांना सुख नव्हतं. कारण त्यांच्या आई रोज सकाळच्या रांगेत मास्तरांच्या मागे तिसऱ्या. त्यांना हुकूम कळला त्या रात्री साहेबांच्या ताटात फक्त दहीभात पडला. हे मला मावशीकडून कळलं, आणि मावशीला त्यांच्या आईकडून.

ठरलेल्या दिवशी पहाट फुटताच मजूर आले. मी बंद होतो. माझ्या बिजागऱ्यांचे बोल्ट आतल्या बाजूला. आताचा मुकादम कुलुपासमोर थांबला, मजूर त्याच्यामागे थांबले. तेवढ्यात मास्तर आले, रांग लागली. साहेब आले तेव्हा सगळी फौज माझ्यासमोर हात बांधून उभी.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मावशी यायची आहे," मुकादम म्हणाला. "उघडल्याशिवाय आत कसं जायचं?"

"अरे, बाजूनं जा!"

मुकादम खांबापर्यंत गेला. गवताकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि परत आला. "साहेब, बरं दिसत नाही," म्हणाला.

"थांबा, मीच दाखवतो," म्हणून साहेब तरातरा निघाले. एक पाय आत टाकला, तोच मागून त्यांच्या आईंचा आवाज आला. "सोन्या! कुणाच्या घरात असा शिरतोस? हेच शिकवलं का मी तुला?" साहेबांचा एक पाय आत आणि एक बाहेर राहिला. मला त्या क्षणी कारभाऱ्याची आठवण झाली. साहेबांना आता आत ओढावं की बाहेर, हे कुणालाच ठरवता येईना. कुत्रं उठून बसलं.

तेवढ्यात मावशी आली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. "कट्ट" केलं, गुडघा लावला, मला उघडलं. मजुरांना म्हणाली, "सावकाश काढा. उजवं दार जड आहे, पायावर पडेल तुमच्या." मग वाकड्या गजावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि पदर डोळ्यांना लावून कार्यालयाच्या वाटेनं गेली. चहाचा पेला खांबावर तसाच राहिला. खांब पाडताना मुकादमानं तो जपून खाली ठेवला.

भंगारवाला आठवड्याच्या शेवटी येणार होता. तोपर्यंत माझी दोन्ही दारं समोरच्या शेवाळलेल्या झाडाला टेकवून ठेवली. तीही उलटी, सिंह खाली आणि पाय वर. त्यामुळे पुढचं सगळं मी उलटं पाहिलं आहे. त्यात सिंहांच्या नाकात मुंग्या शिरत होत्या. तरी जे पाहिलं ते खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. जिथे मी होतो तिथे आता मातीचे दोन चौकोन होते. रांग त्या चौकोनांसमोर येऊन थांबली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. बायका गप्पा मारू लागल्या. कुत्रं शेवटी बसलं. कुणी पुढे सरकेना. कार्यालय उशिरा उघडायचं, पण मावशीची झोप तिच्या वेळेलाच मोडली होती, म्हणून ती सवयीनं इकडे आली. चावी कमरेला होतीच. नसलेल्या फाटकाची चावी परत कोण मागणार?

"मावशी, आज उशीर झाला तुम्हाला," मास्तर म्हणाले.

मावशीनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. मग तिनं चावी काढली, हवेत जिथे कुलूप असायचं तिथे धरून फिरवली आणि जिभेनं आवाज काढला, "कट्ट." डावं दार ढकललं. उजव्या दाराला गुडघ्यानं उचल दिली. "कुईंऽऽ" हे तिनं माझ्यापेक्षाही चांगलं केलं. आणि सगळे एकेक करून आत गेले, बरोबर दोन चौकोनांच्या मधून. धावणाऱ्यांमध्ये एक जण फार उंच आहे. तो माझ्या खांबांवरच्या कमानीखालून जाताना नेहमी मान खाली घालायचा. त्यानं घातली. कुत्रंही गेलं.

माझ्या नसण्यालासुद्धा कुणी वळसा घातला नाही हो! मला रडू आलं. उलटा होतो, म्हणून पाणी कपाळाकडे गेलं आणि वरचा गंज खालपर्यंत आला. त्या दिवशी मला भंगाराची भीती वाटली नाही.

साहेबांना वाटलं, लोक त्यांची थट्टा करतायत. त्यांनी तिथे पाटी लावली, "येथे फाटक नाही." त्यानं तर सोय झाली. नवख्यांनाही कळायला लागलं की रांग नक्की कुठे लावायची. मावशी पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवायला लागली. दिवसभर ती पंख्याखाली बसायची आणि सकाळ-संध्याकाळ मला उघडून बंद करायची, म्हणजे मला नव्हे, पण मलाच.

आणि मग ती संध्याकाळ आली. मावशीनं शिट्टी वाजवली, सगळे बाहेर पडले, तिनं "कट्ट" करून कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि घरी गेली. तिचं घर हाकेच्या अंतरावर. थोड्या वेळानं साहेबांच्या आई तळ्याकडून घाईघाईनं आल्या. बदकांना दाणे टाकता टाकता त्यांना शिट्टी ऐकूच आली नव्हती. पाटीपाशी आल्या आणि थबकल्या. मावशी दिसली नाही. त्या आतल्या बाजूला पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसल्या.

साहेब शोधत आले. "आई! इथे काय बसलीस? चल घरी."

"कशी येऊ? बंद झालंय."

"अगं, काय बंद झालंय? मधे काही नाहीये!"

"मला दिसतंय की काही नाहीये. आंधळी नाही मी," आई म्हणाल्या. "पण मावशीनं कुलूप लावलंय. तिला न विचारता कसं यायचं?"

साहेबांनी हात पुढे केला. "हात दे माझ्या हातात आणि ये."

आईंनी हात दिला नाही. "गजांतून हात घालू नये, अडकतो," म्हणाल्या.

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. माझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि मी उलटा होतो. त्यांनी पाय उचलला. दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर तो धरला. मला मुंग्यांचा विसर पडला. पाय हवेत थोडा वेळ थांबला आणि पुन्हा जागेवर आला. साहेबांनी मावशीच्या घराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "मावशी! अहो मावशी! जरा उघडता का? आई आत राहिली!"

मावशी ओले हात पदराला पुसत आली. चावी काढली, "कट्ट" केलं, डावं दार ढकललं. उजव्या दारापाशी मात्र थांबली. गुडघा लावला, पुन्हा लावला, कण्हली. साहेब पुढे झाले आणि खांदा लावून त्यांनीही ढकललं. हो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. हवेला खांदा लावला. आई बाहेर आल्या.

"फार अडकतंय हो हे," साहेब हात झटकत म्हणाले.

"तेल पाहिजे," मावशी म्हणाली. "पण नसलेल्या दाराला तेल कुठे घालू, साहेब?"

साहेबांनी झाडाकडे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान वाकडी करून सिंहांकडे पाहिलं. "आई," ते म्हणाले, "यांची तोंडं अशीच आहेत की उलटे आहेत म्हणून तशी दिसतात?" आई म्हणाल्या, "अशीच आहेत रे. गोड आहेत." मला आजवर दांडगा, उर्मट, गंजका असं पुष्कळ म्हटलंय लोकांनी. गोड पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तेच मजूर आले, पाडलेले खांब त्याच दगडांनी पुन्हा रचले आणि मला जागेवर उभं केलं. घाईत डावं दार उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसलं, त्यामुळे सिंहांची पाठ एकमेकांकडे झाली आहे. भांडल्यासारखे दिसतात. वाकडा गजही आता दुसऱ्या बाजूला आहे. मावशीनं तो शोधला, टिचकी मारली आणि म्हणाली, "ओळखलंस का?" मग मला इतकं तेल पाजलं की आठवडाभर मला कुईं करताच येईना आणि रांगेतल्या लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. भंगारवाला त्याच्या दिवशी पहाटेच गाडी घेऊन आला. मी बंद होतो, म्हणून तोही रांगेत उभा राहिला. मी उघडल्यावर तळ्याला फेरी मारून, बदकं बघून, तसाच निघून गेला. आता दर आठवड्याला येतो.

पाटी अजून आहे. "येथे फाटक नाही." काढायचं कुणाला सुचलं नाही. ती माझ्या अंगावरच टांगली आहे आणि मावशीची पिशवी तिच्यावर.

असा मी आहे. जन्मभर लोकांना अडवायला केलेला, आणि आता कुणाला अडवायची ताकद नसलेला. मला त्याचं दुःख नाही. पूर्वी मी बंद होतो म्हणून माणसं नाइलाजानं थांबायची. आता कुणी अडवत नाही, तरी थांबतात.

ऐकलीत ना शिट्टी? मावशी तळ्याकडून निघाली. चला, उठा, तुमचीही आई वाट बघत असेल. काही विसरलं असेल तर आत्ताच बघून घ्या. एकदा "कट्ट" झालं की झालं, मग सकाळपर्यंत मीही काही करू शकणार नाही. आणि घाई असली तरी बाहेर इथूनच पडा, बाजूनं नको. साहेब खांबापाशी उभे आहेत, हातात तेलाची बाटली घेऊन, आणि बाजूनं जाणारा त्यांना मुळीच खपत नाही.